वज्रीवरचं सोनं

मंगळवार

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ऑपरेशन नाही न् काही नाही. हे मीच लिहितेय. ओळी वाकड्या आहेत त्या शाळा दुसरीत सुटली म्हणून. मला आंधळी ठरवून, ऑपरेशनला पैसे हवेत म्हणून त्या तसबिरीच्या कागदावर तुझ्याकडून सही काढायची बुद्धी तुझ्या बापाला झाली, आणि तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

असो. नातीला आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट.

रविवारी आलीस तेव्हा मी दाराशीच बसले होते. तुझ्या बापानं ती संताची तसबीर पुढे केली, तांब्यावर मिना चढवलेली. "एका म्हातारीकडून मिळाली. तीनशे वर्षांची तरी असेल ना गं?" तू भिंग लावलंस. पाठीची मखमल सोलायला गेलीस तर म्हणाला, "राहू दे, चिकटवलीय." तू त्याच्याकडे बघितलंस, त्यानं माझ्याकडे. चहा न घेता गेलीस.

तूच मला मागे सांगितलं होतंस, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून अशा तसबिरींच्या पायांवरचं सोनं जातं. ह्या संताचे पाय लखलखीत, आणि झिजलीय ती डोक्यामागची प्रभावळ. तिथवर हात कोण नेतं? तुलाही दिसलं. तोंडच सांगत होतं तुझं.

माझी टाच घासायची वज्री कुठे दिसेना. काल त्याच्या मिन्याच्या भट्टीच्या खोलीत सापडली. तिला सोनं लागलंय.

पुढचं लिहायला हात वळत नाही. पोटचा आहे. मिन्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण नवी तसबीर कोणी घेईना, म्हणून जुनी करतो. लबाडी करतो. लिहिलं एकदाचं.

येत्या सोमवारी तुझ्या संग्रहालयात तू त्या तसबिरीचं वय लिहून देणार, मग ते ती विकत घेणार. खोटं लिहिलंस तर परत कोणी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. खरं लिहिलंस तर बाप तुटला. जेवताना म्हणाला, "तिनं सही केली नाही तर ह्या घरात तिचं काही नाही."

म्हटलं, "घर माझ्या नावावर आहे. तू भाजी वाढ."

वज्री सोबत पाठवतेय. तुमच्या साहेबांना दाखव. विचारलं तर मी येऊन सांगेन कुणाच्या घरातली ते. त्यालाही सांगितलंय, पाठवतेय म्हणून. तेव्हापासून भट्टी पेटवलेली नाही. बसून असतो.

सही करायची की नाही, ते मी सांगणार नाही. पण जे करशील ते मला तू कळवायचं, तुझ्या हातानं लिहून. बापाकडून निरोप आला तर मी तो ऐकणार नाही.

तुझी आजी