हंड्याला रकाना नाही

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१४ डिसेंबर २००७

तीर्थरूप सुलूअक्कास, धाकट्या गुणवंताचा साष्टांग नमस्कार (कंबर आता जमिनीपर्यंत वाकते, तेव्हा हा खराखुरा समजावा). तुझा खोकला कसा आहे? भाऊजी पथ्य पाळतात की अजून चोरून लोणचं खातात?

अक्का, ऊर भरून आलाय म्हणून लिहितोय. मोठी माणसं पूर्वीइतकी हलतात का, हे बघायला आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी एक पाहणी होते. यंदा क्षितिजा नावाची मुलगी आली होती. म्हणाली, काका, सगळं शहर बसत चाललंय, जिथे तिथे रिक्षा, घरोघरी केबल. पण तुमच्या बिल्डिंगमधले पुरुष मात्र सुधारलेत! सुधारणारच. पहाटे बागेला फेऱ्या मारणारं मंडळ काढलं कोणी? तुझ्या भावाने. (फेऱ्यांनंतर शहांबरोबर चहा-फाफडा होतो, पण ते पाहणीत विचारत नाहीत.) मला तिने 'सक्रिय' लिहिलं. रिटायर माणसाला, अक्का! मी तो शब्द वॉचमनलासुद्धा हिंदीत समजावून सांगितला.

मग तिने आमच्या हिला विचारलं, काकू, तुम्ही काय करता? अंबिका तेव्हा टँकरच्या पाण्याचा हंडा घेऊन तिसरा मजला चढून आली होती (लिफ्ट गणपतीपासून बंद आहे). घाम पुसत म्हणाली, "मी कुठे काय करते? घरीच तर असते." झालं! मुलीने 'बैठी' लिहिलं (हंड्याला रकानाच नाही म्हणे) आणि रोज तासभर चालायला सांगून गेली. मी हसलो. ते हसू फार महागात पडलं बघ.

दुसऱ्या दिवसापासून ही शेजारच्या हंसाबेनला घेऊन चालायला जाते, नेमकी टँकर येतो तेव्हा. आता हंडे मी चढवतो, कपडे मी पिळतो, लादी मी पुसतो. शहा खालून हाक मारतात, "गुणवंतभाई, चालो ने!" आणि मी गॅलरीतून फडकं हलवतो. पण खरं सांगू? काल ही पार भाईंदरपलीकडच्या मोरवा गावापर्यंत चालत जाऊन आली! बिल्डिंगभर मीच सांगत फिरलो. एवढी वर्षं ही बाई नुसती जिन्यातच चालत होती गं. फार अभिमान वाटला मला.

तुझा,
गुणवंत

ता. क. : खरं काम असं की, ती तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. या वयात बायकांनी एवढं चालू नये, असं तिला जरा खरमरीत लिही. मी सुचवलं हे लिहू नकोस. माझी पाठ कामातून गेली आहे.

आणखी एक ता. क. : वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला मीच निघाले आणि पाकीट चिकटवायचं यांनी माझ्यावरच सोडलं, म्हणून वाचलं. तुम्ही मला काही लिहू नका. त्यापेक्षा आठ दिवस राहायलाच या, दोघी मिळून रोज लांब लांब फिरू. स्वयंपाकाची काळजी नको. पोळ्या हे लाटतात, परवापासून त्या फुगायलाही लागल्यात. आता कुठे यांचा हात बसतोय, मधेच मोडू नका.

तुमची अंबिका