कंदीलपुष्पाची जागा

६ ऑगस्ट, किनवट
वेल जागेवर नाही. गेल्या वर्षी गेले तेव्हा फुलं गळून गेली होती. यंदा जुलैत येऊन पाहिलं तेव्हा कळ्या धरलेल्या. फूल हातात आलं असतं तर कंदीलपुष्पाची ही नवी जात की जुनीच, ते ठरलं असतं. आता नुसता खड्डा. कंद खुरप्यानं सोडवून नेलेत, एकही तुटला नाही. रानडुक्कर इतकं जपून उकरत नाही.
जागा तिघांनाच ठाऊक. मी, वाट दाखवणाऱ्या सोनाबाई, आणि आमच्या विभागातला बिरादार.

७ ऑगस्ट
सोनाबाईंना आडून विचारलं. इकडं हे कंद खातात, म्हणून. त्यांना राग आला.
"खायचं असतं तर तुमाला दावलं कशाला असतं? तुमचे सर आलते की. बाईनं धाडलं म्हणले."
मी धाडलं नव्हतं.

९ ऑगस्ट, लातूर
कॉलेज. बि. नेहमीसारखा हसून, "मॅडम, किनवटला कधी निघायचं? फुलली असंल आता."
म्हटलं, पाऊस उघडू द्या. त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. काही कळेना. माझाच विद्यार्थी. काटेसावर कुठली नि पांगारा कुठला, हे मीच शिकवलेलं. आणि माझं रिटायरमेंटचं वर्ष, नवी जात नावावर लागायची तर आत्ताच...

१२ ऑगस्ट
राहवलं नाही, तोंडावर विचारलं. नाकारलं नाही त्यानं.
"हाव मॅडम, मीच आणली. तिथून रस्ता जाऊन राहिलाय. झाडांवरच्या खुणा बघितल्या न्हाईत का? तुम्हाला विचारलं असतं तर हात लावू दिला नसता."
त्याच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली कुंड्या. वेली जिवंत. एक फूल उमललेलं, आतून गडद जांभळं, पाकळ्यांची टोकं वर जुळलेली. अर्धं आयुष्य रान तुडवलं, असलं पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता.
फोटो काढून झालेत. कुणाला पाठवले, विचारलं.
"तुम्हाला सोडून कुणाला पाठवीन मी?"
मला एकही आला नाही.

१७ ऑगस्ट, किनवट
एकटीच आले. बि.ला कळवलं नाही. खुणा आहेत, चुन्याचे पट्टे. पण ताजे. मागल्या खेपेला मला दिसले नाहीत की नव्हतेच? रस्त्याचं सोनाबाईंनी ऐकलंय, पट्टे कुणी मारले ते माहीत नाही.
नाल्यापलीकडं बांबूच्या बेटात त्याच जातीची आणखी एक वेल. कळ्यांनी लगडलेली.
"सर इचारले तर काय सांगू?" सोनाबाई.
वर पठारावर रेंज आली तसा बि.चा फोन. "मॅडम, आणखी कुठं सापडली का?"
म्हटलं, न्हाई.
मग, "बरं. मी उद्या तिकडंच येऊन राहिलो."