बाळाचा दुसरा डोस

किन्हवली, मंगळवार संध्याकाळ

उद्या बाळाच्या लशीचा दुसरा डोस. पहिल्यानंतर ताप आला, म्हणून वहिनी नको म्हणते. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, तेव्हा समजावायचं मलाच.

म्हटलं, जंतूची नुसती ओळख पटून टी पेशी, म्हणजे रक्तातली लढाऊ पेशी, लढायला उठत नाही. जंतूचा तुकडा दाखवणाऱ्या पेशीनं ‘धोका खरा आहे’ अशी दुसरी खूणही द्यावी लागते, नाहीतर टी पेशी गप्पच बसते. लस ओळख आणि खूण, दोन्ही घडवते.

वहिनी हसली. “म्हंजे आपल्या शेतातल्या डुकरांवानी गो! ‘डुक्कर आला’ असं पोरं उगाच वरडतात, कोन जेवनावरून उठत नाय. संगती डबा वाजला की समदी काठ्या घेऊन धावतात.”

डबा! मला का नाही सुचला? पण ताप म्हणजेच डबा, असं तर तिला वाटलं नसेल ना? राहवेना. परत चुलीपाशी गेले. ताप ही नुसती त्या धावपळीची झळ, नाही आला तरी लस काम करते, हेही सांगितलं.

“आन् आला तर?”

“मी जागेन.”

“तुझी परीक्षा हाय. मी जागन. तू फक्त सकाली संगती चल.”