खिडकीतली हिरवी बाटली

४ जून

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

गोळ्या वेळेवर घेता असं लिहिलंत, त्यातलं अर्धंच मी खरं धरते. आता कामाचं. आपल्या खाडीतल्या शिंपल्या का मरतात, ते शोधायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलंय. कारण सापडलं: काचेसारखं कवच असलेलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते इथलं नाही, जहाजांच्या बुडाला चिकटून परमुलखातून आलंय. कधी आलं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

मला आपली स्वयंपाकघराची खिडकी आठवली. तुम्ही गोदीत जहाजांची बुडं खरवडायचात आणि दर जहाजाचं चिमूटभर हिरवं माझ्यासाठी बाटलीत घालून आणायचात. आई चिठ्ठीवर तारीख लिहून चिकटवायची. इतरांचे बाबा खाऊ आणतात नि माझे शेवाळ, म्हणून मी रुसायचे, पण बाटल्यांना कुणाला हात लावू द्यायचे नाही. त्यातली एखादी उरलीय का?

लोभ आहेच, तो गोळ्यांसकट वाढवावा.

तुमची ठमी

११ जून

चि. ठमीस अ. उ. आ.

तू शिकायला गेलीस तरी आई दर रविवारी बाटल्यांचं पाणी बदलायची. ती गेल्यावर मला त्या बघवेनात. समुद्राचं समुद्राला दिलं, असं म्हणून सगळ्या खाडीत ओतल्या. तुझं पत्र वाचलं आणि पायाखालची वाळू सरकली. शेजारच्या मावशींनी चाळीस वर्षं तिथंच शिंपल्या काढल्या. आता हातावर हात ठेवून बसतात, तरी मला ताप आला की जेवण आणून देतात. त्यांच्या पोटावर पाय मीच आणला का?

एक बाटली कपाटामागे राहिली होती. आत नुसता हिरवट पापुद्रा. चिठ्ठीवर तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाची तारीख. आईचं अक्षर घरात दुसरीकडे कुठे उरलेलं नाही, म्हणून देववत नव्हती. पाठवतोय. निघेल ते सरळ लिही, मला सांभाळून घेऊ नकोस.

माया असू दे.

बाबा

२८ जून

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

सरळ लिहिते. तेच निघालं. शेवाळ कधीच मेलं, कवचं जशीच्या तशी आहेत. पण चिठ्ठीवरच्या तारखेप्रमाणे, बाटल्या ओतल्यात त्याआधी वीस वर्षं ते गोदीत पोचलं होतं. खरवडलेलं सगळं तुम्ही मंडळी पाणी मारून खाडीत लोटायचात, मी लहानपणी पाहिलंय. खाडी नासली ती त्यानं, बाटल्यांनी नव्हे. हुकूम तसाच होता आणि ठाऊक कुणालाच नव्हतं. तरी तुमचा हात त्यात होता, ते मी पुसत नाही.

ती तारीख अहवालात घातली. यापुढे खरवडलेलं जमिनीवरच गोळा करायचं, असं त्यावरून ठरलं. बाटली परत पाठवतेय. चिठ्ठीला पाणी लागू दिलं नाही.

रागावला नसाल, तर लवकर लिहा.

ठमी

६ जुलै

चि. ठमीस अ. उ. आ.

तुझं पत्र मावशींना वाचून दाखवलं. ओतलेल्या बाटल्यांचंही सांगितलं. त्या उठून गेल्या. चार दिवस त्यांचं दार बंद. मी आपला खिडकीशी बसून.

काल आल्या. बाटली हातात घेऊन बराच वेळ आईचं अक्षर बघत राहिल्या. मग म्हणाल्या की ही बाटली त्यांच्याच घरची, पोरीला हवी म्हणून आईनं मागून नेली होती. तिच्यावरची धूळ पदरानं पुसून खिडकीत ठेवली आणि मला विचारलं, गोळ्या घेतल्या का.

मी खरं सांगितलं. नव्हत्या घेतल्या.

सवडीनं ये.

बाबा