वाळूची बादली, दडपे पोहे आणि न उघडलेलं दार

प्रति,
मा. अधीक्षिका (जयंतीताई),
इंदुप्रभा विद्यार्थिनी निवास,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई.

विषय : खोली क्र. ९ रविवारपर्यंत रिकामी करण्याची नोटीस मागे घेणे, तसेच आज सकाळी दार न उघडल्याचा खुलासा करणेबाबत.

संदर्भ : १) आपली सोमवारची नोटीस. २) आज आमच्या दारावर आपण चिकटवलेला शेरा, ‘दार उघडण्यास साफ नकार’.

महोदया,

आधी फक्त ऐकून घे. म्हणजे, ऐकून घ्यावे ही नम्र विनंती. तू म्हणालीस, तोंडी काही ऐकणार नाही, लेखी दे, आणि अर्जात ताई-बिई नको. म्हणून नीट मार्जिन आखून बसलेय. पण गेल्या वर्षीपर्यंत तू आमच्याच मजल्यावर राहायचीस, माझाच चार्जर न विचारता न्यायचीस, त्यामुळे मध्येच ‘तू’ झालं तर चालवून घ्यावं.

१. सर्वप्रथम नम्रपणे निदर्शनास आणून देते की आमचं कॉलेज सकाळी सातला भरतं आणि मेसमधला नाश्ता आठला सुरू होतो. म्हणजे उपमा वाफाळत येतो तेव्हा आम्ही दुसऱ्या लेक्चरला जांभया देत असतो. परत येतो तेव्हा भांडी घासून पालथी. कॉलेजच्या कॅन्टीनचं शटर पहिल्या ब्रेकपर्यंत खाली. नाक्यावरचा वडापाव रोज खाऊन बघितला, आठवड्यात छातीत अशी जळजळ की यार, प्रॅक्टिकलला बर्नर पेटवायची गरजच नव्हती. तुझं कॉलेज दुपारचं होतं, म्हणून तुला हा प्रश्न कधी पडलाच नाही, हेही नमूद करते.

२. त्यातच माझी रूममेट ग्रेस. ती गोराईची. घरून यायचं तर खाडी ओलांडायला पहाटेची होडी, मग बस, मग बोरिवली, सातचं कॉलेज तिला जमूच शकत नाही, म्हणून तर ती इथे राहते. ही ग्रेस गणपतीच्या सुट्टीनंतर लॅबमध्ये उभ्याउभ्या कोसळली. पोटात काही नाही म्हणून. टेबलाचा कोपरा डोळ्याच्या इतक्या जवळ लागला की अजून खूण आहे. त्या संध्याकाळी तू प्रार्थनेनंतर म्हणालीस, “मुलींनो, पोट भरून जात जा गं.” मी तेव्हाच हात वर करून विचारणार होते, कशाने?

३. कारण किटली बंद. शेगडी बंद. इस्त्रीवर ब्रेड भाजणाऱ्या मधुवंतीची इस्त्रीसुद्धा जप्त. बरोबर आहे, आगीचा धोका, मान्य. मग आम्ही बिनआगीचं सगळं करून बघितलं. भिजवलेले चणे खाल्ले, लेक्चरमध्ये पोटं अशी गुरगुरायला लागली की मागच्या बाकावरून मुलं म्हणाली, “कुणाचा तरी फोन व्हायब्रेट होतोय वाटतं.” केळी आणली, मुंग्या आल्या. दहीपोहे केले, दही आंबट. शेवटी मी आईला फोन केला. आई कणकवलीची, एका वाक्यात म्हणाली, “गो बाय, उपाशी जाव नको, दडपे पोहे कर मा!”

४. झकास! पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, मीठ, किंचित साखर. फोडणी आई बाटलीत भरून पाठवते, हिंग-मोहरी-कढीपत्त्याची, गार. गॅस नको, वीज नको. कढईत कालवायचे, दडपून ठेवायचे, आंघोळीच्या रांगेत उभं राहून परत यायचं, तोवर खोबऱ्या-कांद्याच्या ओलीने मऊ. स्वस्त, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भूक तोंड दाखवत नाही. फक्त वर वजन लागतं. नाहीतर ते दडपे नाहीत, नुसता सुका चिवडा, ग्रेसच्या घशात अडकतो.

५. वजनाचा प्रश्न आम्ही हलक्यात घेतला नव्हता, हे कृपया लक्षात घ्यावं. आधी पुस्तकं ठेवली. पानांना कांद्याचा वास लागला, लायब्ररीच्या बाईंनी पुस्तक परत घेताना हुंगून बघितलं. मग पाण्याची बादली ठेवली, ती कढईच्या काठावरून घसरली आणि ग्रेसचं जर्नल वाहून गेलं. तेव्हा आमच्याच दाराबाहेर, खुंटीला, ती लाल वाळूची बादली दिसली. तिचं बूड गोल असतं, तू बघितलंयस ना? जमिनीवर ठेवली तर लोळते. पण कढईत, शपथ, अशी बसते की दोघी जुळ्या बहिणी वाटाव्यात. मध्ये स्वच्छ ताटली असायची. आणि सातच्या आत बादली परत खुंटीवर. रोज.

६. मग मजलाभर झालं. मधुवंतीने विचारलं, तेजलने विचारलं, मी काय नाही म्हणू? बादल्या मजल्यावर भरपूर. तुलासुद्धा त्या दिवशी जिन्यात वाटी दिली होती. तू म्हणालीस, “अगं, इतके मऊ कसे झाले?” मी म्हटलं, “दडपले.” तू कशाखाली ते विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, खरंच.

७. आता सोमवार. ट्रस्टचे सचिव विद्याधरकाका मॉर्निंग वॉकवरून येता येता थेट तपासणीला चढले. पाहतात तर खुंट्या रिकाम्या. “बादल्या विकल्या कुणीतरी!” असं ओरडत त्यांनी आगीची घंटा बडवली. आता तूच जूनमध्ये आमच्याकडून घोकून घेतलं होतंस की घंटा झाली की बादली उचलायची आणि बाहेर यायचं. आम्ही आलो. टॉवेल गुंडाळलेल्या, साबण लागलेल्या, पण प्रत्येकीच्या हातात बादली. काका खूश होतील असं मला एक क्षण वाटलं. तेवढ्यात माझ्या बादलीच्या बुडाला चिकटलेली ताटली सुटली आणि खोबऱ्यासकट त्यांच्या नव्या पांढऱ्या बुटांवर पडली. ते म्हणाले, “हे काय आहे?” ग्रेस घाबरून म्हणाली, “नाश्ता, अंकल.” वाट लागली.

तरी माझं म्हणणं आहे की त्या दिवशी खरंच आग लागली असती तर संपूर्ण पार्ल्यात सगळ्यात आधी आमच्या मजल्यावर विझली असती. पण नोटीस आली, तीही फक्त आमच्याच खोलीला, कारण बुटांवर पडलेली ताटली आमची. अग्निसुरक्षेशी खेळ, खोली रिकामी करा. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “हॉस्टेल गेलं तर सामान बांध आणि घरी ये, इथल्या कॉलेजात नाव घालू.” त्यांना ते बरंच वाटतंय. मला नाही. आणि ग्रेस होडीची वेळ विचारत फिरतेय.

८. आता मूळ मुद्दा, आजचं दार. तुम्ही बादल्यांना साखळ्या घातल्या, चांगलं केलंत. पण आज ग्रेसची प्रॅक्टिकल परीक्षा होती, तीच लॅब, तेच टेबल. काल मी गल्लीभर दगड शोधला. पार्ल्यात दगड राहिलेला नाही, सगळे पेव्हर ब्लॉक. एक सुटा होता तो उचलला तर वॉचमन धोंडिरामकाका म्हणाले, “पोरी, तो सोसायटीचाय, ठेव खाली.” ठेवला. मग आज पहाटे पोहे कालवले, त्यावर ताटली, ताटलीवर लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा, डब्यावर पाट, आणि पाटावर मी. अन्नावर बसले हे आईला सांगू नकोस, ती महिनाभर बोलणार नाही. कढईचं बूड गोल, त्यामुळे पाय भिंतीला टेकवून, श्वास धरून बसावं लागतं. उठायचं तर कुणीतरी कढई धरायला हवी, आणि ग्रेस आंघोळीला गेलेली.

त्याच वेळी तू दार वाजवलंस. मी म्हटलं, “थांब ना!” तू म्हणालीस, “ऋता, आत्ता उघड, नोटिशीवर सही हवीय.” मी म्हटलं, “उठता येत नाही गं!” तू म्हणालीस, “नाटकं करू नकोस,” आणि शेरा चिकटवून गेलीस. साफ नकार! मी साफ नकार दिला नाही, जयंतीताई. मी डुगडुगत होते.

ग्रेस खाऊन गेली. दोन वाट्या. मगाशी तिचा मेसेज आला, “पूर्ण वेळ उभी होते.” बस, एवढंच.

तरी विनंती की नोटीस मागे घ्यावी, नाश्ता सहाला द्यावा, आणि ते जमत नसेल तर एक जड वरवंटा मजल्यावर मंजूर करावा. विद्याधरकाकांना सांगायची हिंमत होत नसेल तर मी येते बरोबर, बूट पुसायला ओला फडका घेऊन.

आणि अधीक्षिका म्हणून नाही, तशीच सांग. खाली कढई, बाथरूममध्ये ग्रेस, तासाभरात तिची परीक्षा, आणि दारावर तू. उठली असतीस? तू काय केलं असतंस गं?

रविवारनंतरही आपलीच राहू इच्छिणारी,
ऋता
खोली क्र. ९, दुसरा मजला
गुरुवार, दुपार

सोबत : कॉलेजचं वेळापत्रक, मेसचं वेळापत्रक. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघावीत.