फेसाखालचं दूध

सोमवार, २ डिसेंबर

मुलांच्या चित्रपुस्तकाचं शेवटचं पान अडलंय. गोष्ट साधी — एक मुलगी, शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, बोलायची भीती. समोरासमोरच्या पानांची अकरा जोडपानं झाली. बाराव्यावर ती काय करते, मला माहीत नाही. पुण्याच्या संपादकांना माहीत आहे. "ट्रॉफी द्या हो हातात. आत्मविश्वास दिसला पाहिजे!"

पुस्तकाची चित्रं काढणाऱ्या क्रांतीनं इचलकरंजीहून चित्र पाठवलं. सोनेरी ट्रॉफी, दोन कानांची. खाली तिनंच लिहिलेलं — 'मला आवडलेली नाही.'

एक वाक्य खोडलं. दिवस बरा गेला.

बुधवार, ४ डिसेंबर

संध्याकाळी दूध प्यायला कट्ट्यावर. जोतीराम म्हशी घेऊन येतो, समोर धार काढतो, ग्लास तसाच हातात देतो. ऊन दूध, वर फेसाची टोपी. मिशा येतात, पुसायच्या, घरी यायचं. किती वर्षांचं हे सुख.

आज त्याची मुलगी शेजारी उभी होती. हातात पट्टी. प्रियदर्शनी, सहावीतली. "काकू, पिऊ नका. जरा थांबा." पट्टी माझ्या ग्लासाला लावली. मग फेस बसेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. पुन्हा पट्टी.

"तिसरा हिस्सा फेस हाय."

पुढच्या आठवड्यात शनिवारी शाळेत प्रदर्शन आहे, त्यासाठी. सर म्हणाले, यात सायन्स काय? ज्वालामुखी कर. हिनं ऐकलं नाही. सांगताना मात्र आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं.

कट्ट्यावरचा केरबा ओरडला, "जोत्या, पोरगीनं तुझंच माप काढलं की रं!" सगळे हसले. मीही. जोतीराम हसला नाही.

रविवार, ८ डिसेंबर

प्रियदर्शनी घरी आली. बोलावलं होतं. तिला पुस्तकाची कच्ची प्रत वाचून दाखवली. माझी मुलगी गर्दीला घाबरते, हात थरथरतात, पाय जड होतात वगैरे. मला ते पान फार आवडायचं.

ती ऐकत होती. चिवडा खात होती. मग —

"ही लोकांस्नी का भेती?"

"तू नाही घाबरत?"

"लोकांस्नी न्हाई." थोडा वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेगळे केले. "मी फेस म्हटलं की लोक म्हणणार, तुझे पप्पा फसवत्यात. पप्पा फसवत न्हाईत. फेस येतोच की!"

वडील चार दिवस तिच्याशी नीट बोललेले नाहीत. जेव, झोप, एवढंच.

ती गेल्यावर प्रत पुन्हा चाळली. अकरा पानं मी चुकीची भीती लिहिली. हिला बोलता येतं. बोलल्यानं कुणाचं काय होईल, तिथं ती अडते. हे मी कुठं लिहिलंय?

मंगळवार, १० डिसेंबर

पाच जोडपानं फाडली. हलकं वाटलं!

बुधवार, ११ डिसेंबर

कट्ट्यावर प्रियदर्शनी नव्हती. जोतीरामनं ग्लास दिला आणि हात मागे घेतला नाही.

"आक्का, तुमीच शिकीवलं व्हय हे तिला?"

"नाही."

"मग कुणी? आजवर ग्लासाकडं कुणी बोट केलं न्हाई. फेस नको आसंल तर पिशवीतलं न्या की! कट्ट्यावर यायचं कशाला?"

खरं होतं. फेसासाठीच तर येतो आपण.

"जाऊ नको म्हणालात का तिला?"

"जा म्हणालो न्हाई. नको बी म्हणालो न्हाई." म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "शाळंत हिलाच घिऊन जा म्हणावं."

दूध नेहमीसारखंच चांगलं होतं. फेस बसायची वाट बघावी असं वाटलं. त्याच्यासमोर धीर झाला नाही. प्यायले.

शुक्रवार, १३ डिसेंबर

क्रांतीचा फोन. "ट्रॉफी ठेवू?" ठेव. नको. ठेव.

शनिवार, १४ डिसेंबर

शाळेत गेले. दारातच पृथ्वीराज नावाच्या पोराचा जेसीबी — इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा, काकाच्या वर्कशॉपमध्ये केलेला. दोन ज्वालामुखी. कोपऱ्यातल्या टेबलावर प्रियदर्शनी, एक ग्लास, त्यावर बशी.

बशी उचलून दाखवली. फेस! ताजा, टोपीसारखा. धार तिनं स्वतः काढली, दोन गल्ल्या पळत आली.

"इतक्या उशिरा धार?"

"एक म्हस सकाळी पप्पांनी पिळलीच न्हाई. तशीच ठेवली. का ते बोलले न्हाईत."

हिशेब बरोबर होता. फक्त तिनं प्रमुख पाहुणे धरले नव्हते! ते गारगोटीहून यायचे. ते येऊन फीत कापेपर्यंत परीक्षक एकाही टेबलाकडे जात नाहीत, अशी आपली रीत. ज्वालामुखी थांबला, जेसीबी थांबला. फेस कशाला थांबतो?

ती बशी उचलायची, बघायची, ठेवायची. पुढं पुढं बघायचंच बंद केलं.

पाहुणे आले. हार, नारळ, भाषण. मग परीक्षक. जेसीबीनं माती उचलली, टाळ्या झाल्या. कोपऱ्यात पोचले तेव्हा ग्लासात नुसतं गार दूध.

"फेस कुठाय?"

सर दुसरीकडे बघायला लागले. मागून कुणीतरी पोरगं, "आण की जाऊन दुसरं!"

प्रियदर्शनी त्याच्याकडे वळली. "म्हस काय नळ हाय व्हय?"

सगळे हसले. परीक्षकबाईसुद्धा. या हसण्यानं तिचं काही बिघडलं नाही, उलट ती सरळ उभी राहिली. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. काचेला आतून वर एक पांढरट रेघ चिकटलेली होती. मी ती आधी पाहिलीच नव्हती.

"फेस इथपातूर हुता. खूण ऱ्हाती. दूध हितं. मधलं सगळं वारं."

"म्हणजे दूधवाला फसवतो तर!" बाई सहजच म्हणाल्या. गमतीनं.

मला वाटलं, संपलं. तिनं फाटकाकडं एकदा पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"दूधवाले माझे पप्पा हायत." आवाज मोठा होता. कट्ट्यावरचा आवाज, बापाचा. "फसवायचं आसतं तर समोर कशाला पिळलं आसतं? धार जोरात आली की फेस येतोय. वाईच थांबलं की दूध किती ते दिसतंय. लोक थांबतच न्हाईत!"

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढं गेल्या.

पहिला नंबर जेसीबीला. हिला काही नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. मी काहीतरी समजूत घालणार होते, पण तिनं ते गार दूध एका दमात पिऊन टाकलं.

"वाया कशाला घालवायचं?"

मिशा आल्या नाहीत. फेस नव्हता ना.

रविवार, १५ डिसेंबर

लिहिलं. सकाळपासून. वाक्यं तिचीच, मी फक्त कमी केली. क्रांती म्हणाली, आतापर्यंत सगळ्या चित्रांत मुलीचं तोंड मिटलेलं काढलंय, माझ्या लक्षातच आलं नाही. अकराव्या पानावर तिनं ते उघडलं. एवढंच बदललं आणि चित्र बोलायला लागलं!

बारावं कोरंच. संपादकांचा निरोप — 'ट्रॉफीचं काय?' निदान त्यांना काहीतरी माहीत आहे. ठेवू या म्हणून कळवलं.

जोतीराम अजून मुलीशी बोललेला नाही. ती कट्ट्यावर येत नाही. पुस्तकात याचं काय करायचं?

मंगळवार, १७ डिसेंबर

कट्ट्यावर सगळ्या ग्लासांना लाल रेघ. नेलपॉलिशची. प्रियदर्शनी पायरीवर बसून शेवटचा ग्लास रंगवत होती, जीभ बाहेर. शाळेत ती काय बोलली, ते जोतीरामच्या कानावर गेलं असणार.

जोतीरामनं धार काढली. ग्लास माझ्या हातात दिला नाही. "थांबा, आक्का. बसू दे." फेस बसला, दूध रेघेखाली राहिलं. त्यानं वरून आणखी एक धार मारली. मग दिला.

केरबा मागून, "जोत्या, रांग वाढली की रं!"

"वाढू दे. पोरगीचं माप हाय."

घरी येऊन क्रांतीला कळवलं — ट्रॉफी नको. बाराव्यावर रांग काढ.