चढावर विचारलेला प्रश्न

महाल, नागपूर
रविवार, २ मार्च १९८६

प्रिय कृष्णकांत,

मायना वाचून दचकू नका. वर्षभर ‘श्री. कृष्णकांत यांस, सादर नमस्कार’ असं लिहिणारी बाई एकदम ‘प्रिय’वर कशी आली, याचा विचार करत अंगणात उभे राहू नका, आधी बसून घ्या. आणि पान उलटून शेवट बघायचा नाही. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही मला लग्नाचं विचारलंत, त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण ते माझ्या क्रमाने येईल. मी शाळेत पीटी शिकवते. मुलींना रांग मोडू देत नाही, तर तुम्हाला कशी देईन?

तुमची दोन्ही पोस्टकार्डं पोचली. पहिल्यावर ‘थंडी कमी झाली. आईचा गुडघा बरा आहे.’ दुसऱ्यावर ‘थॉमसन द्राक्षांची तोड सुरू झाली.’ खाली सही. आमच्या गल्लीत कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग समोर राहणारी माझी तुळजाआत्या, आणि उरलंच तर मी. आत्या म्हणाली, “इतकं कोरडं लिहाचं होतं त यानं कार्ड टाकलंच काहून?” मी हसले. एकदा विचारून पुन्हा तगादा न लावणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता. ती दोन्ही कार्डं माझ्या हजेरीपटात आहेत आणि रोज पहिल्या तासाला मी ती बघते.

पण विचारण्याची ती जागा होती का, सांगा बरं. बेचाळीस किलोमीटरची शर्यत, त्यातला सत्ताविसावा किलोमीटर, तुमच्या बागेला वळसा घालून जाणारा तो उभा चढ. माझ्या तोंडातून शब्द सोडा, श्वासही धड निघत नव्हता. तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन, पायात चपला, माझ्या शेजारून पळत सुटलात. अर्धं पाणी माझ्या खांद्यावर, अर्धं रस्त्यावर. मला वाटलं, पुढच्या वळणाबद्दल काही सांगणार. तुम्ही म्हणालात, “गोपिकाबाई, माझ्याशी लग्न कराल का? उत्तराची घाई नाही.” तेवढ्यात तुमच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तुम्ही मागे राहिलात. दम लागलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि आपण थांबून घ्यायचं, याला आमच्या मैदानावर फाऊल म्हणतात.

गेल्या वर्षी त्याच वळणावर फाऊल माझा होता, हे कबूल. आम्ही संत्र्याच्या मुलखातली माणसं. काटोलकडे कुणाच्याही बागेतून जाताना झाडाखाली उभं राहून एखादं संत्रं खाल्लं तर कोणी चोर म्हणत नाही. पिशवीत भरलं तर चोरी. लहानपणापासून हाच कायदा ठाऊक. म्हणून तहानेने जीव कासावीस झाल्यावर तुमच्या बागेत शिरले आणि मांडवावरून एक घोस तोडून उभ्या उभ्या खायला लागले. संत्र्याची साल आपण सोलून टाकतो, द्राक्षाची पोटात जाते, हे कुठे डोक्यात होतं? त्यावर सकाळीच मोरचूद आणि चुन्याची फवारणी झालेली. तुम्ही ओरडत धावत आलात, तेव्हा मी तुम्हालाच ऐकवलं की दिंडोरीची माणसं भारी कंजूष. माझे ओठ निळे झालेत हे मला कुठे माहीत होतं. मग तुम्ही मला खोक्यावर बसवून दहा वेळा गुळण्या करायला लावल्या, तुमच्या आईंनी, अंजनाबाईंनी, ताक पाजलं, आणि मी तशीच उठून पळायला लागले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर तुमचं पत्र: ‘प्रकृती कशी आहे? पोटात दुखत नाही ना?’ मुख्याध्यापिकांनी ते माझ्या हातात देताना चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. पोट दुसऱ्याच दिवशी बरं झालं होतं, पण हे तुम्हाला कळवायला मी चार पानं घेतली.

त्या चार पानांत काय काय होतं ते आठवलं की आता लाज वाटते. पहाटे महालातून सेमिनरी हिल्सपर्यंत पळत जाते, सलवार-कमीज घालून. नागपुरात टेकडी म्हणावी अशी तेवढीच. सुरुवातीला लोक दारात येऊन विचारायचे, “बाई, कोणी मागं लागलं का जी?” आता दूधवाला माझ्यावर घड्याळ लावतो. तुम्हीही लिहीत गेलात. मुरमाड उतारावरच्या अर्ध्या एकरात तुम्ही वाईनची बारीक काळी द्राक्षं लावलीत आणि गावाने तुम्हाला वेड्यात काढलं, ते. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली आणि अजून तुम्हाला पोळी गोल लाटता येत नाही, ते. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला कोणी आपल्या पोळ्यांबद्दल इतकं खरं लिहील असं वाटलं नव्हतं.

आता ऐका, तुम्ही मागे राहिल्यावर काय झालं. चढ संपला आणि समोर तो लांबच लांब उतार आला. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव, खाली सावलीत तोडणीच्या बायका, हवेत गंधकाच्या भुकटीचा वास. मी हसत होते, मोठ्याने, एकटीच. मागून येणाऱ्या एका पोलीस शिपायाने विचारलं की बाई, चक्कर येतेय का. पायांत गोळे होते, तळव्याला फोड होता, आणि मला वाटत होतं की हा रस्ता थेट नागपूरपर्यंत असाच असावा. एका बाईने गुळाचा खडा दिला, एका म्हाताऱ्याने मुठीत बेदाणे कोंबले आणि म्हणाला, “पळ पोरी.” मला कोणी पोरी म्हणून वीस वर्षं झाली होती. गेल्या वर्षी मला पाच तास पन्नास मिनिटं लागली होती. यंदा पाच तास तेवीस. सत्तावीस मिनिटं कुठे वाचली ते तुमचं तुम्ही ओळखा.

आणि तरी उत्तर न देता पळून आले. शेवटच्या रेषेजवळ तुम्ही तुटकी चप्पल हातात घेऊन उभे होतात आणि मी ‘गाडी चुकेल’ म्हणून घाईने टेम्पोत चढले. ते खोटं होतं. गाडीला चार तास अवकाश होता. नाशिक रोडच्या फलाटावर पायाच्या फोडावर हळद लावत बसून राहिले आणि स्वतःला शिव्या घातल्या. मला तुम्ही आवडता. हे लिहायला पेन अडखळलं नाही, बघा. पण हो म्हणायचं तर बाबांचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

बाबांबद्दल मी तुम्हाला कमीच लिहिलंय. वय त्र्याहत्तर, नाव बाबनराव, खड्डामागावर नऊवारी विणतात. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पट्ट्या दाबायच्या, हातांनी आडव्या सुताचा धोटा फेकायचा. आमची समोरची खोली म्हणजे तो माग आणि मागाच्या कडेने जी जागा उरते ती आमची. आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची. तेव्हापासून बाबांची सांधणी मी करते. म्हणजे असं, की मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचा एक ताणा विणून संपला की विणकर सगळं सूत कापत नाही. जुन्या धाग्यांची टोकं हातभर मागावरच ठेवतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या एकेका टोकाला पिळून जोडतो. तीन हजारांवर धागे. बोटांना राख लावून दोघांनी समोरासमोर बसायचं, दोन-तीन दिवस. हे काम एकट्याने होत नाही, आणि बाबांना आता बारीक दिसत नाही. म्हणजे मी गेले की माग थांबला. आणि लेकीच्या सासरी जाऊन राहणारा बाप आमच्या अख्ख्या गल्लीत कोणी पाहिलेला नाही. आत्या तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही.

परत आल्यावर आठ दिवस मी बाबांना काही बोलले नाही. मग एका संध्याकाळी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरता भरता सांगून टाकलं. त्यांनी धोटा थांबवला नाही. विणता विणताच विचारलं, “दारूचे द्राक्षं लावते म्हणतं. मग पिते का तो?” मी म्हटलं, नाही, चहाच फार पितात. “बागाईतदार आहे अन् चपल तुटकी घालते?” ही बातमी मीच हसत हसत दिली होती. पुढचे दिवस ते नुसते विणत राहिले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. इतक्या वेगाने विणताना मी त्यांना पाच-सात वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, राग आलाय.

काल शनिवार, सकाळची शाळा. बाराला घरी आले तर बाबा नव्हते. शेवटचं लुगडं घडी करून पाटावर ठेवलेलं. आणि मागावर काहीच नव्हतं. टोकं ठेवलेली नव्हती. सगळं सूत मुळापासून कापलेलं, मागाची फणी काढून भिंतीला टेकवलेली. जन्मल्यापासून तो माग मी कधी रिकामा पाहिला नाही. आई गेली त्या दिवशीही त्यावर अर्धं लुगडं होतं. विणकराने टोकं कापली म्हणजे हात आखडला. माझ्यापायी म्हाताऱ्याने विणणं सोडलं, आता हे उमरेडला काकांकडे जाऊन भिंतीकडे बघत बसणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी खड्ड्याच्या काठावर बसून रडले. तुम्हाला नकार कळवायचा हे तिथेच ठरवलं. खरंच ठरवलं होतं, कृष्णकांत. वाक्यसुद्धा मनात तयार केलं होतं.

तेवढ्यात बाबा आले. बरोबर देवाजी सुतार, त्याच्या खांद्यावर काथ्याच्या दोराची गुंडाळी. मला तशी बसलेली बघून बाबा उंबऱ्यातच थांबले. “काहून रडून राहिली वं?” मी नुसतं मागाकडे बोट दाखवलं. त्यांनी देवाजीकडे असं पाहिलं, जसं काही मी शिकून वाया गेले. “अवं, माग हलवाचा असन त सूत कापाच लागते. टोकांसहित रेल्वेत कसा चढवू?” मी म्हटलं, बाबा, लेकीच्या घरी? ते आधीच खड्ड्यात उतरून खिळे मोजत होते. तिथूनच म्हणाले, “मी पाहुणा म्हणून नाही येत. विणकर म्हणून येतो. विणीन अन् खाईन. त्या अंजनाबाईले म्हणा, पयलं लुगडं तुमचंच.” आणि मग आवाज बदलून, माझ्याकडे न बघता, “तू तेवीस वर्सं सांधणी केली, मी कधी विचारलं का तुले, की पोरी तुले कुठं जाचं आहे?” देवाजी उगाच दोराची गाठ सोडवत बसला. समोरून आत्या आली, सगळं ऐकून तोंडाला पदर लावून उभी राहिली, लोक काय म्हणतील ते सांगून झालं, आणि शेवटी मागाच्या लाकडांना गुंडाळायला स्वतःची जुनी सतरंजी घेऊन आली.

तर आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुमच्या ओसरीच्या उजवीकडे एक खोली आहे, जिथे तुम्ही रिकामी खोकी रचता. ती मोकळी करा. बाबांनी मापं सांगितली आहेत, ती अशी: खड्डा लांबीला साडेतीन फूट, रुंदीला अडीच, आणि खोल कमरेइतका, कमर बाबांची धरायची, तुमची नव्हे, ते तुमच्यापेक्षा वीतभर बुटके आहेत. उजेड डावीकडून यायला हवा. तळाला मुरूम नीट ठोकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी लागेल आणि बाबा मला बोलतील. काठ गुळगुळीत करून शेणाने सारवा, आईंना विचारून. परीक्षा संपल्या की आम्ही निघतो. माग, बाबा आणि मी, एकाच गाडीने. खड्डा आधी खणा. मुहूर्त मग बघू.

दम न लागता, पूर्ण शुद्धीवर,
तुमचीच,
गोपिका